विमानाची खिडकी, कॅमेरा आणि कायदा

आपल्या कुटुंबांतील कितीतरी तरुण मुले आज पोटापाण्यासाठी विमानाने दूर देशी जातात. पूर्वी आगबोटीच्या धक्क्यावर रुमाल हालवून निरोप दिला जात असे. आता तो विमानतळाच्या दाराशी दिला जातो. मुलगा आपल्या जागेवर बसतो न बसतो तोच खिशातील मोबाईल बाहेर काढतो. खाली दिसणारी माडांची राई, खाडीचे वळण, चर्चचे पांढरे मनोरे टिपावे आणि घरी धाडावे, एवढीच त्याची इच्छा असते. इतक्यात सेविका जवळ येते आणि सांगते, "येथे फोटो घेण्यास मनाई आहे." मुलगा गोंधळून जातो. डोळ्यांनी पाहिलेले चालते, मग कॅमेऱ्याने टिपलेले का चालू नये? ज्या खिडकीतून शेकडो माणसे रोज खाली पाहतात, तिच्यावर कायद्याने पहारा का बसवावा? ह्या प्रश्नाचा आज थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

आकाशातून घेतलेले पहिले छायाचित्र १८५८ साली फ्रान्समध्ये निघाले. नादार ह्या टोपणनावाने प्रसिद्ध असलेला एक छायाचित्रकार दोराने बांधलेल्या फुग्यातून पॅरिसजवळच्या एका गावावर चढला आणि त्याने खालच्या घरांचे चित्र घेतले. ते चित्र आज उपलब्ध नाही. परंतु १८६० साली जेम्स वॉलेस ब्लॅक ह्याने अमेरिकेतील बॉस्टन शहराचे फुग्यातून घेतलेले चित्र अजून जतन केलेले आहे. तोपर्यंत ही केवळ मौज होती. पहिल्या महायुद्धाने तिचे रूप पालटले. शत्रूचे खंदक कोठे आहेत, तोफा कोठे दडविल्या आहेत, रसद कोणत्या वाटेने जाते, हे विमानातून घेतलेल्या चित्रांवरून नकाशावर मांडता येऊ लागले. डोळा पाहतो आणि विसरतो. कॅमेरा मात्र पाहिलेले विसरत नाही. चित्र टेबलावर ठेवून भिंगाखाली तासन् तास न्याहाळता येते, आणि कालच्या चित्राशी आजचे ताडून पाहता येते. पाहणे आणि टिपणे ह्यांत कायदा जो भेद करतो, त्याचे मूळ येथे आहे.

दुसऱ्या महायुद्धातील एक उदाहरण ह्यासंबंधी फार बोलके आहे. बाल्टिक समुद्राच्या काठी पेनेम्युंडे ह्या गावी जर्मनी नवीन अस्त्रे तयार करीत होता. ब्रिटिश विमाने त्या जागेवरून जात आणि चित्रे घेऊन परत येत. इंग्लंडमधील मेडमनहॅम येथे ती चित्रे तपासण्यासाठी मोठा सेवकवर्ग बसलेला असे. त्यांत कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ ही तरुणी होती. १९४३ सालच्या एका चित्रात एका उतरत्या चौथऱ्यावर तिला बारीकसा, क्रुसासारखा ठिपका दिसला. तो ठिपका म्हणजे लंडनवर पुढे कोसळलेला वैमानिकरहित उडता बाँब होता. वरून जाणाऱ्या वैमानिकास जे कधीच दिसले नसते, ते एका शांत खोलीत, भिंगाखाली, एका मुलीस दिसले. असे हे साधन आहे. म्हणून त्याचे भय राष्ट्रांना वाटले तर नवल नाही.

राष्ट्रांचे करार

पहिले महायुद्ध संपताच १९१९ साली पॅरिस येथे हवाई वाहतुकीविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. प्रत्येक राष्ट्राची सत्ता जशी आपल्या भूमीवर, तशीच तिच्यावरील आकाशावरही पूर्णपणे चालेल, हे तत्त्व त्यात मान्य झाले. त्याच करारात विमानातून छायाचित्रणाची साधने नेण्यास किंवा वापरण्यास बंदी घालण्याची अथवा नियम करण्याची मुभा प्रत्येक राष्ट्रास देण्यात आली. पुढे ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे नवा करार झाला. आजची सर्व नागरी विमान वाहतूक त्याच्या आधाराने चालते. त्याचे छत्तिसावे कलम अवघ्या एका वाक्याचे आहे. आपल्या भूमीवरून जाणाऱ्या विमानांत छायाचित्रणाची साधने वापरण्यास मनाई करण्याचा वा त्यासंबंधी नियम करण्याचा अधिकार प्रत्येक सभासद राष्ट्रास आहे, एवढेच ते सांगते. भारतही ह्या करारात आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. करार बंदी घालीत नाही. तो फक्त बंदीचा अधिकार देतो. तो कसा वापरावा हे ज्या त्या देशाने ठरवावयाचे. साहजिकच एका देशात जे निर्धास्तपणे करता येते, त्यासाठी दुसऱ्या देशात चौकशी होऊ शकते.

जर्मनीत १९९० पर्यंत विमानातून घेतलेले चित्र प्रसिद्ध करावयाचे तर सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागे. गावाचे आकाशातून घेतलेले चित्र पोस्टकार्डावर छापले, तर त्या मंजुरीचा क्रमांकही त्यावर छापण्यात येई. ती पद्धत आता गेली आहे; परंतु देशाच्या सुरक्षिततेस धोका पोहोचेल असे चित्र विमानातून घेणे हा तेथील दंडसंहितेत अद्याप गुन्हा आहे. नेदरलँड्समध्येही आकाशातून चित्र घेण्यासाठी २०१३ पर्यंत आगाऊ परवाना लागत असे. स्वीडनने निराळीच वाट धरली आहे. तेथील २०१६ च्या कायद्याचा रोख चित्र घेण्यापेक्षा ते पसरविण्यावर आहे. आकाशातून घेतलेले भूमीचे चित्र लोकांत प्रसिद्ध करण्याआधी सरकारची संमती घ्यावी, असा तो दंडक आहे. अमेरिकेत सर्वसाधारण बंदी नाही. तथापि राष्ट्राध्यक्षांनी महत्त्वाची म्हणून ठरविलेल्या लष्करी ठिकाणांची चित्रे तेथील प्रमुखाच्या परवानगीवाचून घेणे हा १९३८ पासून गुन्हा आहे. त्यासाठी विमान वापरणारा आणि वापरू देणाराही त्यात सापडतो, आणि शिक्षा एक वर्षापर्यंतच्या कैदेची आहे.

ह्या सर्व देशांच्या वाटचालीत एक दिशा स्पष्ट दिसते. पूर्वी सारे आकाशच झाकून ठेवण्याकडे कल होता. हळूहळू तो नेमक्या जागांना कुंपण घालण्याकडे वळला.

आकाश उघडे करण्याचा प्रयत्न

हा अविश्वास किती महाग पडतो ह्याचा अनुभव जगाने १९६० साली घेतला. १ मे रोजी अमेरिकेचे यू-२ जातीचे एक विमान अतिशय उंचीवरून रशियाची चित्रे घेत असता स्वर्डलोव्स्क शहराजवळ पाडण्यात आले. वैमानिक फ्रान्सिस गॅरी पॉवर्स जिवंत सापडला. त्याच्यावर मॉस्कोत खटला होऊन त्यास दहा वर्षांची शिक्षा झाली. १९६२ च्या फेब्रुवारीत बर्लिनजवळच्या एका पुलावर, अमेरिकेने पकडलेल्या एका रशियन हेराच्या बदल्यात त्याची सुटका झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तशाच एका विमानाने क्यूबा बेटावरील रशियन क्षेपणास्त्रांची चित्रे आणली आणि सारे जग अणुयुद्धाच्या कडेवर येऊन उभे राहिले. त्या दिवसांत क्यूबावर पाडण्यात आलेल्या विमानात मेजर रुडॉल्फ अँडरसन ह्यांचा अंत झाला.

तथापि चित्रे जशी भय निर्माण करतात, तशी ती भय दूरही करू शकतात. १९५५ साली जिनिव्हा येथे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर ह्यांनी असे सुचविले होते की, दोन्ही बाजूंनी एकमेकांस आपापल्या देशावरून विमाने नेऊन चित्रे घेऊ द्यावी. म्हणजे कोणी गुपचूप हल्ल्याची तयारी करीत नाही अशी खात्री पटेल. रशियाने ती सूचना त्या वेळी झिडकारली. पुढे १९९२ च्या मार्चमध्ये हेलसिंकी येथे ह्याच कल्पनेवर 'खुल्या आकाशा'चा करार झाला आणि १ जानेवारी २००२ पासून तो अमलात आला. शस्त्र नसलेले विमान, त्यात यजमान देशाचेही अधिकारी, आणि कॅमेऱ्याची शक्ती ठरवून दिलेली, अशी ती व्यवस्था होती. जमिनीवरील सुमारे ३० सेंटिमीटरची वस्तू ओळखता यावी, त्याहून बारीक नव्हे, अशी मर्यादा घातली होती. म्हणजे रणगाडा ओळखावा, पण माणसाचा चेहरा ओळखू नये! परंतु २०२० च्या नोव्हेंबरात अमेरिका आणि २०२१ च्या डिसेंबरात रशिया ह्या करारातून बाहेर पडले. दोघा मोठ्यांनी पाठ फिरविल्यावर त्या कराराचा मूळ हेतू लंगडा झाला, हे दुःखाने म्हणावे लागते.

आपल्या देशातील नियम

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळू. १९३७ च्या विमान नियमावलीतील तेराव्या नियमाने असे ठरविले की, सरकारी विमानतळावर किंवा उडत्या विमानातून लेखी परवानगीवाचून कोणी छायाचित्र घेऊ नये. शब्दशः पाहिले तर खिडकीतून ढगांचे चित्र घेणारा प्रत्येक प्रवासी त्यात सापडला असता. व्यवहारात तसे कधी चालले नाही. २००४ च्या डिसेंबरात नागरी विमान वाहतुकीच्या महासंचालनालयाने परिपत्रक काढून प्रवाशांना सवलत दिली.

ह्या नियमाची आठवण २०२० च्या सप्टेंबरात साऱ्या देशास झाली. चंडीगढहून मुंबईस जाणाऱ्या एका विमानात एका प्रसिद्ध व्यक्तीभोवती वार्ताहरांनी कॅमेरे घेऊन गर्दी केली. त्यावर महासंचालनालयाने सक्त हुकूम काढला. त्यात म्हटले होते की, छायाचित्रणाचा नियम मोडला गेल्यास त्या मार्गावरील त्या कंपनीची विमानसेवा दोन आठवडे बंद ठेवण्यात येईल. लोकांत घबराट झाली. दुसऱ्याच दिवशी खुलासा आला. नियमित प्रवासी विमानात बसलेला प्रवासी आतून छायाचित्रे किंवा चित्रफीत घेऊ शकतो, असे त्यात सांगितले होते. मात्र सुरक्षिततेस बाध येईल, गोंधळ माजेल, किंवा विमानातील सेवकवर्गाने स्पष्ट मनाई केली असेल, तेथे ही मुभा नाही.

लष्करी विमानतळांची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती आमच्या वाचकांना अगदी जवळची आहे. गोव्यातील दाबोळी विमानतळ पोर्तुगीज अमलात बांधला गेला. १९६१ नंतर तो भारतीय सैन्यदलांकडे आला आणि आज तो नौदलाचे ठाणे आहे. प्रवासी विमाने तेथे एका बाजूस पाहुण्यासारखी उतरतात. पुण्याचे लोहगाव आणि ग्वाल्हेरचे महाराजपुरा ही हवाई दलाची ठाणी आहेत. अशा ठिकाणी विमान उतरताना, उडताना किंवा जमिनीवर उभे असताना चित्र घेण्यास बंदी आहे. उलट, गोव्यातीलच मोपा येथे २०२३ च्या जानेवारीपासून चालू झालेला विमानतळ नागरी आहे. एकाच गोव्यातून एकाच गावी जाणाऱ्या दोन भावांपैकी एकाने मोपाहून निघताना काढलेला फोटो निर्दोष ठरेल, आणि दुसऱ्याने दाबोळीहून निघताना काढलेला फोटो त्यास अडचणीत आणील. बेळगावचे प्रवासी सांबऱ्यास जातात. तेथेही हवाई दलाचे शिक्षणकेंद्र लागूनच आहे. तेव्हा तेथील सूचना कान देऊन ऐकाव्या, हे बरे.

२०२५ च्या मे महिन्यात, पश्चिम सीमेवरील संघर्षानंतर, महासंचालनालयाने आणखी एक सूचना काढली. विशेषतः पश्चिम सीमेजवळील लष्करी विमानतळांवरून उडताना विमान १०,००० फूट उंची गाठीपर्यंत, आणि उतरताना त्या उंचीखाली आल्यापासून जागेवर उभे राहीपर्यंत, खिडक्यांचे पडदे बंद ठेवावे, असे तीत म्हटले होते. फक्त संकटकाळी बाहेर पडण्याच्या दारांजवळच्या खिडक्या त्यातून वगळल्या होत्या. कारण अपघात झालाच तर बाहेर आग आहे की नाही, हे तेथूनच पाहावे लागते. ह्याशिवाय १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा आहेच. देशहितास बाधक अशा हेतूने निषिद्ध जागेचा नकाशा किंवा चित्र तयार करणे हा त्याखाली गंभीर गुन्हा असून, संरक्षणविषयक जागा असेल तर चौदा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हौशी प्रवासी आणि हेर ह्यांत अंतर आहे, हे खरे. परंतु ते सिद्ध करीत बसण्याची पाळी आपल्या मुलावर का यावी?

कोणी विचारील, आज उपग्रह साऱ्या पृथ्वीची चित्रे घेतात, तेव्हा खिडकीचा पडदा ओढून काय साधणार? प्रश्न रास्त आहे. अंतराळास विमानाच्या आकाशाचा कायदा लागू नाही. १९८६ साली संयुक्त राष्ट्रसंघाने ठरविलेल्या तत्त्वांतही चित्र घेण्यापूर्वी खालच्या देशाची संमती घ्यावी असे बंधन नाही. आपल्या भूमीविषयीची माहिती वाजवी खर्चात त्या देशास मिळावी, एवढेच आहे. आपल्या सरकारनेही २०२१ च्या फेब्रुवारीत नकाशे आणि भूमीविषयक माहिती ह्यांवरील पुष्कळशी जुनी बंधने सैल केली. तरीही एक फरक उरतो. उपग्रह बहुधा माथ्यावरून पाहतो आणि आपल्या वेळेस येतो. प्रवाशाचा मोबाईल मात्र बाजूने, जवळून पाहतो, आणि आज, ह्या घटकेस धावपट्टीवर काय उभे आहे ते पाच मिनिटांत जगापुढे ठेवतो. म्हणून नेमक्या जागेपुरती आणि नेमक्या वेळेपुरती बंदी आम्हांस समंजस वाटते. सर्वत्र आणि सदैव अशी बंदी मात्र कोणी पाळीत नाही. आणि न पाळला जाणारा कायदा पाळल्या जाणाऱ्या कायद्याचाही मान घालवितो.

घराचे छप्पर आणि परसदार

राष्ट्राची गुपिते जशी, तशी घराचीही असतात. इंग्लंडमध्ये एका कंपनीने विमानातून लोकांच्या घरांची चित्रे घेऊन ती त्यांनाच विकण्याचा धंदा आरंभिला होता. १९७४ साली तिने लॉर्ड बर्नस्टाईन ह्यांच्या खेड्यातील घराचे चित्र घेतले. त्यांना राग आला. माझ्या जमिनीवरचे आकाशही माझेच, असे म्हणून त्यांनी दावा लावला. १९७७ साली न्यायमूर्ती ग्रिफिथ्स ह्यांनी तो फेटाळला. जमिनीच्या सर्वसाधारण उपभोगास लागेल तेवढ्याच उंचीवर मालकाचा हक्क चालतो; एखादे चित्र घेतल्याने अतिक्रमण होत नाही, असा निर्णय त्यांनी दिला. परंतु त्याबरोबरच त्यांनी बजावले की, कोणी माणसाच्या घरावर सतत पाळत ठेवून त्याची प्रत्येक हालचाल टिपू लागला, तर न्यायालय त्यास उपद्रव मानू शकेल.

अमेरिकेत टेक्सास राज्यात १९६९ साली दोघा छायाचित्रकारांनी विमानातून दुपाँ कंपनीच्या अर्धवट बांधलेल्या कारखान्याची सोळा चित्रे घेतली. ती कोणासाठी घेतली हे सांगण्यास ते तयार नव्हते. कारखान्यास अजून छप्पर नव्हते, आणि आतील यंत्रांच्या मांडणीवरून कंपनीची गुप्त कृती जाणकारास उमगली असती. पुढच्या वर्षी न्यायालयाने कंपनीचा पक्ष उचलून धरला. बांधकाम चालू असता केवळ आकाशातील चोरट्या नजरेच्या भयाने साऱ्या कारखान्यावर छप्पर घाला, असे मालकास सांगता येणार नाही, असे त्याचे म्हणणे पडले. उलट १९८६ साली त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसरा निकाल दिला. एका माणसाने परसात दहा फूट उंच कुंपणाआड गांजा लावला होता, आणि पोलिसांनी १,००० फुटांवरून विमानातून तो पाहिला व टिपला. पाच विरुद्ध चार मतांनी ते कृत्य कायदेशीर ठरले. चार न्यायमूर्तींना ते पटले नाही, ह्यावरून प्रश्न किती नाजूक आहे हे दिसते.

चित्र झाकण्याचा हट्ट कधी अंगाशीही येतो. २००३ साली प्रसिद्ध गायिका बार्बरा स्ट्रायसँड ह्यांनी, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याची धूप दाखविणाऱ्या सुमारे १२,००० चित्रांत आपल्या घराचे एक चित्र आले, म्हणून पाच कोटी डॉलरांचा दावा लावला. त्यापूर्वी ते चित्र अवघ्या सहा वेळा उतरवून घेतले गेले होते, आणि त्यांतील दोन वेळा तर त्यांच्याच वकिलांनी! दाव्याचा बोभाटा होताच महिन्याभरात चार लाखांहून अधिक लोकांनी तो संग्रह उघडला. दावा हरलाच, वर प्रतिपक्षाचा खर्चही द्यावा लागला.

आमच्या खेड्यांत हा प्रश्न आता ड्रोनच्या रूपाने आला आहे. लग्न असो वा चर्चचे फेस्त असो, डोक्यावर भोंग्यासारखा घूं घूं करणारा ड्रोन हवाच! ड्रोनसाठी २०२१ चे स्वतंत्र नियम आहेत. त्यांनी आकाशाचे हिरवा, पिवळा व लाल असे तीन विभाग केले आहेत. हिरव्या विभागात ४०० फुटांपर्यंत उडविता येते. पिवळ्यात वाहतूक नियंत्रकाची आणि लालमध्ये केंद्र सरकारची परवानगी लागते. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लष्करी ठाण्याशेजारच्या गावांनी तर ड्रोनवाल्यास विसार देण्यापूर्वीच, तुझ्याकडे परवानगी आहे काय, हे विचारून घ्यावे.

पण परवानगी असली म्हणजे सर्व झाले, असे नाही. शेजारच्या परसात विहिरीवर बायका असतात. कोठे झापांच्या आडोशाचे न्हाणीघर असते, ज्यास वरून छप्पर नसते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला आहे. आडोशात असलेल्या स्त्रीचे चोरून चित्र घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या सत्त्याहत्तराव्या कलमाखाली गुन्हा असून, पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षांची कैद होऊ शकते. मग ते चित्र कुंपणाच्या फटीतून घेतलेले असो की आकाशातून!

तेव्हा पालकांनी मुलांना थोडक्यात एवढे सांगावे. विमानात सेवकवर्ग जे सांगेल ते वाद न घालता ऐकावे. लष्करी विमानतळावर मोबाईल खिशात ठेवावा. आकाशात उंच गेल्यावर ढगांची, नद्यांची, डोंगरांची हवी तेवढी चित्रे घ्यावी. परक्या देशात उतरण्याआधी तेथील नियम विचारून घ्यावा; आपल्याकडे चालते म्हणून तिकडेही चालेल, असे धरून चालू नये. चुकून एखादे चित्र घेतले गेले आणि अधिकाऱ्याने ते पुसावयास सांगितले, तर त्याच्यादेखत पुसून टाकावे. आणि गावात ड्रोन उडविताना, ज्याच्या छपरावरून तो जाणार त्या शेजाऱ्यास आधी कल्पना द्यावी. राष्ट्राच्या ठाण्यावर पहारेकरी उभा असतो, शेजाऱ्याच्या परसावर कोणी नसतो. तेथला पहारा आपला आपणच करावयाचा असतो.